करपलेली बाजू आत

ता. ६ फेब्रुवारी

ती. आजीस,
ठमीचा सा. न. वि. वि.

चष्म्याच्या दुकानातली नोकरी बरी चालली आहे. गल्लीच्या तोंडाशी एक छोटं हॉटेल आहे, बाहेर फळ्यावर लिहिलंय, ‘डोंगराकडचं अस्सल सँडविच’. घरची आठवण आली म्हणून काल गेले. जाड पाव, उकडलेलं अंडं, व्हिनेगरात मुरलेला कांदा, वर वाटलेली मोहरी. पहिल्याच घासाला थबकले. पावाची करपलेली बाजू आत होती! तुझ्याशिवाय असं कोण करतं?

वर पाहिलं तर भिंतीवर तूच. पावाच्या हातगाडीमागे उभी, कमरेला फडका. फोटो आपल्या घरातलाच, पण तुझ्या शेजारी उभ्या माझ्या आईला कापून टाकलंय. तिचा हात तेवढा तुझ्या खांद्यावर राहिलाय. खाली लिहिलंय, आईच्या स्मरणार्थ. गल्ल्यावरच्या माणसाचं नाक थेट तुझं. मामाच तो. मी ओळख दिली नाही. वेटर म्हणाला, मालकांची आई ते लहान असतानाच गेली.

काय करू ते कळव. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी ठमी

ता. १२ फेब्रुवारी

चि. ठमीस,
आजीचे आशीर्वाद.

मी मेले हे कळवलंस, बरं केलंस. इथे मला कोणी सांगितलंच नाही, आपली रोज उठून पाणी भरतेय. शेजारणीला बातमी दिली तर म्हणते, मेलीस तरी माझी बादली परत दे.

तू तेव्हा रांगत होतीस. मामाला कापडवाल्याची मुलगी सांगून आली. हातगाडीवर पाव भाजणारी आई त्या घरात शोभली नसती, म्हणून त्यानं मला आधीच वर पोचवून टाकलं नि पत्ता न ठेवता गेला. ज्या गाडीची लाज वाटली तिच्याच जिवावर आता जेवतोय. आमची शेगडी एका अंगाने जळायची. करपलेला पाव टाकायची ऐपत नव्हती, म्हणून काळी बाजू आत नि वर मोहरी. गिऱ्हाईक चव म्हणून खायचं. हे त्याला मीच हात धरून शिकवलं.

मी येतेय. भांडायचं नाही. त्यानं एकदा चारचौघांत आई म्हणावं, बस. नंतर हवं तर पुन्हा मारावं.

जेवत जा, नुसत्या चहावर राहू नकोस.
आजी

ता. १८ फेब्रुवारी

ती. आजीस सा. न.

राहवेना, म्हणून तू येतेयस हे मामाला सांगून आले. रागावला नाही, हसलाही नाही. फडक्याने टेबल पुसत राहिला. मग म्हणाला, गर्दी ओसरल्यावर आणा, तेव्हा बायको घरी असते. आजी, नाही आलीस तरी चालेल गं.

रागावलीस तरी लिहीत जा.
ठमी

ता. २ मार्च

चि. ठमीस आशीर्वाद.

गावी सुखरूप पोचले. तुला न सांगता मी भर गर्दीत जाऊन आले. चोरासारखी ओसरल्या वेळी का जाऊ?

सून गल्ल्यावर होती. बशी त्यानं स्वतः आणली. सुनेनं विचारलं, कोण या? तर म्हणाला, गावाकडच्या मावशी, आईला ओळखायच्या. पोर गुणाची, जवळ येऊन बसली. सासूबाई कशा होत्या म्हणून विचारलं. मी म्हटलं, जिभेची तिखट, पण पोराला कधी उपाशी निजवलं नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तो आत स्वयंपाकघरात गेला तो बाहेर आलाच नाही.

सँडविच चांगलं होतं. कांदा जरा जाड. शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्लं, मेलेल्याला कसली लाज? तुझ्या आईला यातलं काही कळवू नकोस, नाहीतर फोटोत राहिलेला हात मागायला जाईल.

उठताना मी तो फोटो फिरवला नि तोंड भिंतीकडे करून ठेवला. सून बघत राहिली. तिला कळायचं नाही. तो बाहेर येईल तेव्हा त्याला बरोबर कळेल. करपलेली बाजू आत ठेवायची, हे मीच त्याला शिकवलंय.

तुझी, अजून जिवंत असलेली,
आजी