एमेटने जोडलेला हीटर

२ डिसेंबर
गेला! सकाळी पाण्याच्या टाकीतला हीटर लावला आणि फट्! टाकीच्या कपाटात जळका वास. मेन स्विच पडला. वर केला — पुन्हा पडला.

३ डिसेंबर
पर्थला एमेटला फोन. ‘आई, आता हात लावू नकोस! हीटरचं बटण बंदच ठेव. वायरमन बोलाव.’ म्हटलं, जाताना तूच जोडून गेलास ना, तूच बघ. नाताळला येतोयस ना? ‘बघतो,’ म्हणाला.
बघतो म्हणजे हो. लहानपणापासून तसंच.

९ डिसेंबर
किटली, पातेलं, पुन्हा किटली. केस धुण्यात अख्खी सकाळ गेली. शेजारचा पॅकी कुंपणावरून ओरडला — ‘लेक येईपर्यंत अंगावर शेवाळ धरेल, बाई!’ मेला चोंबडा! वर जाऊन एमेटच्या पलंगावर नवी चादर घातली.

१८ डिसेंबर
येत नाहीये.

१९ डिसेंबर
तिकडे घर घेतलंय त्याने. सांगताना काय खूष होता! मी ‘वा’ म्हटलं. दोनदा म्हटलं. मग फोन ठेवून टेबल पुसत बसले. स्वच्छच होतं.

७ जानेवारी
शेवटी पॅकीनेच वायरमन धाडला. तर पोरगी निघाली! ब्रोना नाव. आधी मेन बंद केला, मीटर लावून वीज नाही ना ते पाहिलं, मग झाकण उघडलं. वायर पार वितळलेली.
‘काकू, ही साधी वायर. एवढा भार नाही सोसत. अर्थिंगही सुटलंय. पुन्हापुन्हा लावला असतात तर घर पेटलं असतं. कुणी जोडलं होतं?’
‘माझ्या मुलाने,’ म्हटलं, ‘आणि चांगलं जोडलं होतं!’
तिने वायर उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाली, ‘हाताशी होती ती लावली असेल.’ मला एकदम रडू आलं. परक्या पोरीसमोर! तिने काम सोडून चहा केला. माझ्याच घरात, मला.
मग उष्णता सोसणारी जाड वायर घातली, थेट मेनपासून वेगळी. थर्मोस्टॅटही बदलला. जुनी वायर न्यायला लागली तर म्हटलं, राहू दे.

८ जानेवारी
टबमध्ये गळ्यापर्यंत गरम पाणी. बोटं सुरकुतली तरी उठवेना. एमेटला वायरचं काही सांगितलं नाही.

१५ जानेवारी
ब्रोना तपासायला आली. आपल्या गाडीतच झोपते म्हणे! गावात भाड्याने खोली मिळेना. ‘तुमच्याकडे एखादी...?’ विचारलं तिने. ‘ती एमेटची आहे,’ म्हटलं. फार तुटक म्हटलं.
बाहेर दहिवर पडलंय. तिच्या गाडीच्या काचा आतून वाफेने धूसर झाल्या असतील.

११ फेब्रुवारी
एमेटचा फोन. ब्रोना टबमध्ये होती. ‘आई, मागे कोण गातंय?’
‘घरातलं माणूस,’ म्हटलं.