पोंगेमर

८ सप्टेंबर २०२५, सोमवार. आंजी (मोठी)
पोचले एकदाची! वर्ध्याहून एसटीत बसायला जागा मिळाली, सामान उतरवायला कंडक्टरने हात दिला, आणि खोली तर फारच छान आहे. पुंडलिकरावांच्या घराची मागची बाजू, दोन मोठ्या खिडक्या, न डगमगणारं टेबल. सूक्ष्मदर्शकाला आणखी काय हवं? पितृपक्षात बिऱ्हाड थाटायचं म्हणून मी अवघडले होते. पुंडलिकरावांच्या पत्नी कुंताबाई म्हणाल्या, सरकारी कामाले कायचा आला पितृपक्ष.

दोघंही साठीचे. वांगी, पालक आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, लावतात आणि वर्ध्याच्या बाजाराला नेतात. एक गाय, तिच्यासाठी विहिरीमागे पाच गुंठे नेपियर गवत. त्या गवतावरची कीड तपासायलाच मी आले आहे. बेचाळिसाव्या वर्षी अकरा महिन्यांचं आणखी एक कंत्राट. असो. आज बरं वाटतंय.

९ सप्टेंबर
गवत पाहिलं. दर तिसऱ्या फुटव्याचा पोंगा, म्हणजे मधली कोवळी सुरळी, पिवळा. चिमटीत धरून ओढला की अलगद हातात येतो, बुडाशी कुजका वास. भोवतीची पानं मात्र हिरवीगार. पोंगेमर. ज्वारीत खोडमाशी असंच करते, पण ही खोडमाशी नव्हे. जाळीत सापडलेल्या माशा तिळाएवढ्या, पाय पिवळे, डोक्यावर तकतकीत काळा त्रिकोण.

पुंडलिकराव बांधावर उभे राहून बघत होते. एवढ्याशा माशीसाठी सरकार पगार देते काय, म्हणाले. मी म्हटलं, देतं, पण उशिरा. ते खूप हसले.

११ सप्टेंबर
दिवसभर पंखावरच्या शिरा मोजल्या. आपल्याकडच्या कुठल्याच गवतमाशीशी जुळत नाहीत. त्रिकोण फार लांब, पार कपाळाला भिडलेला. डोळे दुखतात. कुंताबाई ताट घेऊन आल्या. "जेवून घ्या मीराबाई, माशा काई पळून नाई जात." भरीत आणि ज्वारीची भाकर. दोन खाल्ल्या आणि बसल्या जागी झोप लागली.

१३ सप्टेंबर
नागपूरच्या प्रभाकररावांचा फोन आला. आमच्या कामातले सगळ्यात जुने तज्ज्ञ. फोटो पाहून म्हणाले, बाहेरून आलेली आहे, देशात कुठेच नोंद नाही. फक्त गवतावर जगते. गवताची काडीही शेताबाहेर जाऊ देऊ नका. आणि ज्वारी, गहू, भात हीसुद्धा गवतंच, हे विसरू नका. हे मला माहीत आहे. तरी ते बोलल्यावर जेवणावरून मन उडालं.

नव्या माशीचा शोध लागला की आनंद होतो म्हणतात. मला फक्त थकवा आला.

१५ सप्टेंबर
गाय उठत नाही. डोळे उघडे, रवंथ चालू, ताप नाही. जनावरांचे डॉक्टर येऊन गेले, त्यांना काही सापडलं नाही. पुंडलिकराव तिच्या शेजारी भिंतीला टेकून बसले होते. बाजाराला का गेला नाहीत, विचारलं. "काई नाई मॅडम, अंग जड वाटून राह्यलं."
कुंताबाईंचंही तसंच. माझंही. उकाडा असेल.

१७ सप्टेंबर
दुपारी कुंताबाई ओसरीवर वेणी घालत होत्या. फणीबरोबर अख्खी बट निघून आली. अलगद. दुखलं नाही, म्हणाल्या. दुखत कसं नाही? मी बट हातात घेतली. बुडाशी तपकिरी, ओलसर. तो वास ओळखीचा होता.
बुडाशी अळी होती.

१८ सप्टेंबर
अळी तपासली. तोंडाचे आकडे, शेपटाकडचे दोन ठिपके. गवतातली अळी शेजारी ठेवली. पुन्हा पाहिलं. चष्मा पुसून पुन्हा.
तीच. गवतावर जगणारी, आणि आम्ही ज्वारी-भातावर वाढलेले.
प्रभाकररावांना सांगितलं. ते म्हणाले, मीराताई, विश्रांती घ्या, नमुन्यांची सरमिसळ झाली असेल. झालेली नाही. मी बावीस वर्षं कुप्यांवर चिठ्ठ्या लावते आहे.
दोघांना दवाखान्यात चला म्हटलं. हो म्हणाले. उठले नाहीत. चेहरे अगदी छान दिसतात, तुकतुकीत. बाहेरची पानं हिरवीच राहतात —

१९ सप्टेंबर
पुंडलिकराव सकाळपासून गवतात उभे. हाक मारली, ओ दिली. ऊन लागेल म्हटलं, तर हो म्हणाले. जवळ जाऊन खांद्याला हात लावला. सदऱ्याखाली काही नव्हतं — होतं, पण पोकळ, धान्य काढलेल्या कणसासारखं — आणि कॉलरमधून माशा उठल्या. तोंडातूनही.
त्यांनी त्यानंतरही ओ दिली. मी हाक मारलीच नव्हती.

कशीबशी स्टँडवर गेले. आर्वीची गाडी उभी होती. चाळीस माणसं, खिडकीत एक बाई लेकराला भाकर भरवत होती. पायरीवर पाय ठेवला आणि कानामागे खाजवलं. नखात तीन पांढरी अंडी.
पाय खाली घेतला. गाडी गेली.

२० सप्टेंबर
खोलीत आहे. दाराला आतून कडी. खिडक्यांच्या फटींत कागद. कुंताबाई ओसरीवर बसून आहेत. हसतात. आज बोलल्या नाहीत.
कार्यालयाला सगळं कळवलं. सोमवारी माणूस पाठवतो म्हणाले.
पुण्याला लेकीला, दिपालीला, मेसेज केला. ती सुट्टीत येणार होती. लिहिलं: येऊ नकोस. मी बरी आहे.
तिचं उत्तर — आई, तू मेसेजमध्ये कधी पूर्णविराम देत नाहीस. निघालेय.

फोन लावला. आवाज फुटला नाही. फक्त श्वास. रडू नकोस, येतेय, म्हणाली. मी रडत नव्हते.

२१, रविवार
बोटं नीट वळत नाहीत. लिहायला वेळ —
सकाळी मेसेज: वर्ध्याला उतरले. टाइप करू लागले. अंगठ्याचं नख पडद्यावरच राहिलं. दुखलं नाही.
फार झोप येते. झोपायचं नाही.

दुपार. अंगणात बॅगेची चाकं. कुंताबाईंशी बोलतेय — मावशी, आई कुठे? — आणि कुंताबाई उत्तर देताहेत. म्हणजे ते उत्तर —
दिपा, तिच्याजवळ जाऊ नको
ओरडता येत नाही. टेबल सरकवून आवाज केला. चूक झाली. कळलं तिला, मी इथे आहे.
दार वाजवतेय.
ही पानं फाडून दाराखालून सरकवते. दिपा, वाच. दार ढकलू नको. मला हात लावायचा नाही. आधी गवत जाळ, सगळं, मग रस्त्याने चालत जा, गाडीत बसू नको, आणि केस — आधी केस बघ, कानामागे, एक ओढून बघ, अलगद आला तर