सबब फक्त पिस्तुलाला

आदरणीय ऑर्लिनदादांना मर्विनचा नमस्कार, आणि स्वयंपाकघरातून पिठाच्या हातांनी आर्डिसचाही.

तुमचा गुडघा, लेकीच्या घरचा जिना आणि सुपीरियरच्या तळ्यावरचा वारा या तिघांचं आपसात कसं काय जमतंय ते कळवावं. तुमची कॅरिन फोनवर सांगत होती की डॉक्टरांनी तुमचा हात तपासला, वयाची थरथर आहे, काळजीचं काही नाही म्हणाले, आणि तरी तुम्ही अजून कॉफीचा कप दोन्ही हातांनी धरता. इकडे आम्ही ठीक. मे उजाडला तरी कोठाराच्या उत्तरेला बर्फाचा एक ढीग हटून बसलाय. तुमच्या बहिणीची, म्हणजे आर्डिसची, तब्येत उत्तम, आवाज त्याहून उत्तम. पत्राला खास कारण असं काही नाही. (हे वाक्य आर्डिसने घालायला लावलं.)

तुम्ही नाताळात बजावलं होतंत की नेमबाजीबद्दल एक अक्षरही लिहायचं नाही, ते प्रकरण संपलं, पिस्तूल तुला दिलंय, सुखाने वापर. मी आज्ञाधारक माणूस, म्हणून हवामानावर लिहायला बसलो, तर ते वरच्या परिच्छेदातच आटोपलं. आता दोन पानं कोरी पडली आहेत आणि तिकीट तर पूर्ण पत्राचंच लागतं. तेव्हा तुमची परवानगी आहे असं धरून एक तक्रार मांडतो. तुमचं पिस्तूल नाठाळ आहे.

गेल्या सप्टेंबरात सामन्याहून परतताना तुम्ही ते आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलंत, आर्डिसच्या निळ्या चौकड्यांच्या टॉवेलात गुंडाळून, आणि "मर्विन, हे तुला असू दे, माझा हात गेला," एवढं बोलून उत्तरेला निघून गेलात. पाय सुद्धा अर्धाच खाल्लात. (रूबार्बच्या आंबट देठांचा गोड पाय म्हणतोय, गुडघ्याखालचा नव्हे. आर्डिस तो अर्धा तुकडा अजून विसरलेली नाही.) तुमच्या जाण्याने संघातली चौथी जागा मोकळी झाली. जूनमध्ये राज्याची सांघिक स्पर्धा, आणि तिथे चारजण लागतात, तिघांना दारातही उभं करत नाहीत. व्हर्ना, लिओ आणि लिओची ग्लेंडा हे तिघं आहेतच. उरलो मी. तुम्हाला ठाऊकच आहे, मी आपल्या संघाचा जन्माचा राखीव गडी. राखीव म्हणजे थर्मास सांभाळायचा, निशाणाचे कागद बदलायचे, आणि ऐन मोसमात कुणालाच साधं पडसंही होत नाही याचा चारचौघांत आनंद मानायचा. एकदा तरी त्या ओळीत उभं राहायचं हे माझं किती जुनं स्वप्न आहे ते तुमच्याइतकं कुणालाच माहीत नाही. व्हर्नाने (शाळेची बस चालवणं सोडून वर्षं झाली, तरी आम्ही सगळे मागच्या बाकावर दंगा करतोय अशाच सुरात बोलते) मला बोलावून सांगितलं, "मर्विन, मेअखेरच्या मेमोरियल डेच्या आत चार नावं पाठवायची आहेत. तोवर पन्नास यार्डांवरून निशाणाच्या काळ्या गोलात मारून दाखव. नाही जमलं तर यंदा सगळेच घरी बसू."

मी मनात म्हटलं, हातात ऑर्लिनदादांचं पिस्तूल असल्यावर चिंता कसली! माझ्या जुन्या पिस्तुलाने बरं जमत होतं, तर तुमच्याने करंडकच येणार. प्रत्यक्षात काय झालं? गोळ्या कागदावर अशा पांगल्या, जशी चर्चच्या जेवणाला आपली मंडळी पांगते, प्रत्येक टेबलावर एकेक.

पहिला संशय घेतला काडतुसांवर. तुम्ही भरून ठेवलेली संपली होती, म्हणून मी स्वतःच भरत होतो. रिकाम्या पुंगळ्या धुवायच्या, घासायच्या, दारू तोलून घालायची, वर शिशाची गोळी बसवायची, सगळं तुम्ही शिकवलंत तसं. म्हटलं, विकतच्या गोळ्यांतच खोट असेल, आपण घरी ओतू. शिसं वितळवायला जॅमचं मोठं पातेलं घेतलं आणि आर्डिस नेमकी तेव्हाच आत आली. "त्यात मी रूबार्ब शिजवते, मर्विन! नवऱ्याला विषच घालायचं असतं तर मी इतकी वर्षं थांबले असते का?" माझी आणि पातेल्याची रवानगी कोठारात झाली. तिथे ओतलेल्या गोळ्या दिसायला सुरेख होत्या आणि कागदावर पहिल्यासारख्याच पांगत होत्या.

मग संशय दारूवर. तळघरात तराजू मांडून बसलो, तर एका काडतुसात दारू जास्त भरते, पुढच्यात कमी, पुन्हा जास्त. दुकानदाराला फोनवर दोन शब्द सुनावले सुद्धा. (नंतर माफी मागितली. अर्धीच.) मग ध्यानात आलं की घर गरम ठेवणारी भट्टी पेटून तिचा पंखा सुरू झाला की त्या वाऱ्याने तराजूचं पारडं हलतं. हे कळल्यावर शहाणा माणूस तराजू दुसऱ्या खोलीत नेतो. मी भट्टी बंद केली. फेब्रुवारीत. कोट, टोपी घालून असा झकास तोलत बसलो की स्वयंपाकघराच्या मोरीखालचा नळ गोठून फुटला तेव्हाच वर आलो. नळवाल्याने पाणी काढता काढता तळघरातला तराजू पाहिला आणि गावभर सांगितलं की मर्विन लपूनछपून सोनं तोलतो. तेव्हापासून पाद्रीसाहेब माझा हात जरा जास्तच वेळ हातात धरतात.

काडतुसं निर्दोष सुटली तशी मी पिस्तुलाच्या मागे लागलो. चापाची स्प्रिंग बदलली. मग ती बदललेली बदलली. नळी आरशासारखी घासली. शेवटी नजर गेली ती वर बसवलेल्या त्या लाल ठिपक्याच्या दुर्बिणीवर, जी तुम्ही गेल्या उन्हाळ्यात डोळ्यांना नेम धरायची नळीच्या टोकावरची जुनी लोखंडी माशी दिसेना म्हणून बसवलीत. त्या काचेतून बघावं तर ठिपका बरणीत अडकलेल्या माशीसारखा इकडून तिकडे. म्हटलं, सापडला चोर! स्क्रू ढिला आहे. आवळला. पुन्हा आवळला. वर सरस ओतला, असा की आता देव उतरला तरी ती दुर्बीण उतरणार नाही. आणि ठिपका? तसाच नाचतोय. खरं सांगतो दादा, त्या दुपारी पिस्तूल खाली ठेवून मी माझ्या हाताकडे बघत बसलो. वाटलं, ओळीत उभं राहायची वेळ आली आणि आपलाही हात गेला. आर्डिसला बोललो नाही. संध्याकाळी सूप सांडलं ते मुद्दाम घाईत सांडल्यासारखं केलं.

म्हणून मी पिस्तुलालाच दोषी ठरवायचं पक्कं केलं. क्लबात तो लोखंडी शिकंजा आहे ना, पिस्तूल आवळून धरणारा, म्हणजे माणसाचा हात मध्ये येतच नाही? त्यात तुमचं पिस्तूल बसवलं आणि माझीच काडतुसं घातली. सगळी भोकं जॅमच्या बरणीच्या झाकणाखाली मावली. लिओने झाकण ठेवून दाखवलं. यावर माझं मत असं पडलं की शिकंजा सदोष आहे. (हसू नका. तुम्हीही एकदा लक्ष्याच्या लाकडी चौकटीला दोष दिला होतात.)

व्हर्नाने माझ्याकडे पाठ केली, पिस्तुलात काडतुसं भरली आणि त्यांत एक फुसकं, बिनदारूचं, सरकवून दिलं. कितवं ते सांगितलं नाही. मी मारत गेलो. ठो, ठो, आणि मग नुसतं टक्! गोळी नाही, बार नाही, धक्का नाही, आणि तरी नळीने कोंबडीने दाणा टिपावा तशी खाली मान घातली. घडीच्या खुर्चीत विणत बसलेली तुमची बहीण इतकी हसली की तिचे टाके सुटले. मी सवयीने डावा हात वर केला, "सबब!" आपला नियमच आहे ना, पिस्तूल अडलं की हात वर करायचा, सबब मागायची, पंचाने येऊन बघायचं आणि तीच फेरी पुन्हा मारायला द्यायची. व्हर्ना म्हणाली, "घे तो हात खाली. सबब फक्त पिस्तुलाला असते. माणसाला नसते."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते मी हिवाळाभर करत होतो. मग तिने मला बाकावर बसवून समजावलं, ते तिच्याच शब्दांत लिहितो. "ठिपका थांबणार नाही, मर्विन. तू त्याला पकडायला जातोस. तो मधोमध आला रे आला की चापावर झडप घालतोस, आणि त्या झडपेने पिस्तूल खाली जातं. नाचू दे की त्याला! नाचून नाचून जातोय कुठे, काळ्याच्या आतच आहे ना? तू आपला चाप सावकाश मागे घे." मी म्हटलं, पण पूर्वी माझा हात इतका हलत नव्हता. ती म्हणाली, "हलत होता. दिसत नव्हता. जुन्या लोखंडी माशीत काय कप्पाळ दिसतंय? हा ठिपका मेला चुगलखोर आहे. हात सगळ्यांचा हलतो. ऑर्लिनने करंडक आणला त्या वर्षी मी शेजारीच उभी होते. त्याची नळी डुलत होती झोपाळ्यासारखी, आणि तो पठ्ठ्या शांतपणे चाप ओढत होता."

दादा, मी हे ऐकलं आणि पुढची गोळी मारायची विसरलो. ठिपका तुम्ही बसवलात उन्हाळ्यात, आणि पिस्तूल टॉवेलात गुंडाळलंत सप्टेंबरात. त्या दिवशी सामन्यानंतर गाडीत तुम्ही आपल्या पंजाकडे बघत होतात, तेव्हा मी वेड्यासारखा हरणांच्या शिकारीच्या गप्पा मारत होतो. तुम्हाला त्या काचेत जे दिसलं तेच मला या हिवाळ्यात दिसलं. वयाने थोडी भर घातली असेल, डॉक्टर म्हणतात तर असेलच, पण तुमचा हात कुठे गेलेला नाही. तो आधीही असाच होता, आणि त्याच हाताने तुम्ही करंडक आणलात. मला फार वाईट वाटलं, आणि लगेच फार बरं वाटलं.

शनिवारी मी ठिपक्याला मोकळं सोडलं आणि चाप सावकाश ओढला. जवळजवळ सगळ्या गोळ्या काळ्यात गेल्या. व्हर्नाने कागद उजेडात धरून पाहिला आणि म्हणाली, "हं." (तिच्याकडून हे सुवर्णपदक.) तेव्हा पिस्तुलाविरुद्धची तक्रार मी बिनशर्त मागे घेतो. गुडघ्याचं नक्की कळवा, जिना जपून उतरा.

तुमचा मेहुणा,
मर्विन

ता. क. आर्डिस विचारते, अर्धा राहिलेला पाय पुरा करायला कधी येता? यंदाचा रूबार्ब वर आलाय, आणि पातेलं नवीन आहे.

पुन्हा ता. क. वर लिहिलंय की पत्राला खास कारण नाही. ते खोटं आहे. काल व्हर्ना नावं पाठवायला बसली. तिने माझं लिहायला घेतलं होतं. मी म्हटलं, ऑर्लिन लिही. तिने चष्म्यावरून बघितलं, "नक्की?" मी म्हटलं, त्यांचं पिस्तूल अडलं होतं, मी तपासलंय, पिस्तूल ठीक निघालं, पण सबब मान्य व्हायला हवी, त्यांना ती फेरी पुन्हा मारू दे. व्हर्ना असल्या बाबतीत नियम कधी वाकवत नाही. तरी तिने ऑर्लिन लिहिलं. नावं गेली आहेत आणि एकदा गेली की बदलत नाहीत. तुम्ही आला नाहीत तर तिघंच उरतात आणि चौघांचा उन्हाळा वाया जातो. माझ्या मोठ्या मनाचं कौतुक करू नका. लिओ-ग्लेंडा पुढल्या वर्षी फ्लोरिडाला राहायला चाललेत, आणि त्यांतल्या एका जागेवर मी आत्ताच टोपी टाकून ठेवली आहे.

शेवटचा ता. क. पिस्तूल पुसून त्याच निळ्या टॉवेलात गुंडाळून त्याच टेबलावर ठेवलंय. पोस्टाने पाठवता येत नाही, आर्डिस विचारून आली, तेव्हा येऊनच न्यावं लागेल. ठिपका काढून टाका असं सांगू नका, सरस ओतलाय. थर्मास मी धुऊन ठेवला आहे. कॉफीचा कप हवा तर दोन्ही हातांनी धरा. पिस्तूल आपल्याकडे एकाच हाताने मारतात, आणि तो हात सगळ्यांचाच हलतो.