दुसरं पाणी

दादा,

सुरुवात कशी करावी ते सुचत नाही, म्हणून आधी सांगूनच टाकते. आई परत आली!

ती गेल्यावर उरलेला तिचा तो एकुलता एक फोटो शंभर वर्षं टिकावा म्हणून तू न्हाणीघरात औषधात बुडवलास आणि माझ्या डोळ्यांदेखत आई विरघळली. तो कागद मी बावीस वर्षं ट्रंकेच्या तळाशी ठेवला होता. आज तो एका म्हाताऱ्या फोटोवाल्याला दाखवला.

"ताई, हा पुसलेला नाही, अर्धवट राहिलाय," तो म्हणाला. "याला दुसरं पाणी कुणी दिलंच नाही."

त्याने कागद दुसऱ्या औषधात सोडला. सडक्या अंड्यांसारखा वास सुटला. मी नाकाला पदर लावते न लावते तोच आईचे केस आले, मग भुवया, मग ते ओठ मुडपून हसणं. चहाच्या रंगाची, पण आईच!

त्या दिवशी न्हाणीघरात तू ओरडत होतास, "थांब, अजून एक पाणी बाकी आहे!" मी कागद हिसकावून बाबांकडे पळाले. "दादाने आईला पुसून टाकलं," एवढंच त्यांना सांगितलं. त्यांनी तुला घराबाहेर काढलं, तेव्हाही मी तोंड उघडलं नाही.

तुझा पत्ता आहे माझ्याकडे. पाकीटही आणलंय. पण फोटोत आईच्या खांद्यावर, तेव्हा हिसकावताना लागलेल्या माझ्या ओल्या अंगठ्याचा ठसा उमटलाय. तो काढता येईल का, म्हणून विचारलं.

फोटोवाला म्हणाला, "आता तोही कायमचा."

तुझं न ऐकलेली,
धाकटी