सतरा नंबरचा डबा

मी, खाली सही करणारा, वय अठ्ठ्याहत्तर, धंद्याने कवळ्या बनवणारा, आज पूर्ण शुद्धीत, चष्मा लावून आणि कोणाचाही धाक नसताना हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरीणबाईंनी दिला आहे. हट्टीपणाचा दाखला लागत नाही, तो सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. याआधी केलेलं मृत्युपत्र रद्द समजावं. मी एका माणसावर अन्याय केला आहे, तो कलम सातमध्ये येईल.

१. राहतं घर मुलगा आणि मुलगी यांना निम्मं निम्मं. पुढच्या खोलीची भिंत पाडायची, असं मुलगा गेली सहा वर्षं घोकतो आहे. माझ्यामागे खुशाल पाडावी. मागच्या खोलीला मात्र हात लावू नये, तिथे कपाट आहे.

२. बँकेतली शिल्लकही दोघांना सारखी. भांडण्याइतकी ती मोठी नाही.

३. पॉलिशची मोटर, नमद्याची चाकं आणि मेण कोरायच्या सुऱ्या माझ्या जुन्या भागीदाराला. आम्ही एका टेबलावर बसून आयुष्यभर गावाला दात पुरवले आणि एकमेकांवर दातओठ खाल्ले. माणूस नेक आहे. अट एकच, त्या मोटरला जेडचा दगड कधी लावू नये. मी लावला होता. एका म्हाताऱ्या खलाशाची कवळी चौथ्या खेपेला नीट बसली, तेव्हा त्याने खूश होऊन आपल्या कोटाचं जेडचं बटण तोडून मला दिलं. त्याच संध्याकाळी मी ते मोटरवर धरलं. किती पिढ्यांच्या बोटांनी आणलेली मऊ चकाकी पाच मिनिटांत गेली आणि बटण माझ्या कवळ्यांसारखंच चकचकीत झालं. माझ्या संग्रहातला तो नग क्रमांक एक. पुढचे चाळीस मी अक्कल आल्यावर जमवले.

४. जेडचे एकूण एकेचाळीस नग आहेत. ज्याच्या हाती जातील त्याने ते असे सांभाळावेत.

प्रत्येक नग वेगळ्या लाकडी डब्यात, खळ नसलेल्या, धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून. दोन नग एकमेकांना कधीही लागू द्यायचे नाहीत. जेड दोन जातींचा असतो, एक जास्त कठीण आणि दुसरा थोडा मऊ. कठीण मऊला ओरखडतो आणि दोघं आपटले तर पातळ असलेला जातो. चिठ्ठी पेन्सिलीने लिहावी, शाई कापडात उतरते. डबे खालच्या दोन फळ्यांवरच, म्हणजे पडला तरी वीतभर पडेल. ऊन नको, चुलीची धग नको, वर दिवा तर मुळीच नको. पुष्कळ नगांवर मेणाचा पातळ हात असतो, तो उष्णतेने उतरतो आणि दगड पांढुरका दिसायला लागतो. धूळ कोरडी पुसू नये, तिच्यातले वाळूचे कण दगडालाही चरे पाडतात. कोमट पाण्यात मऊ ब्रशने धुवावं आणि घमेल्याच्या तळाला टॉवेल अंथरावा. दर सहा महिन्यांनी प्रत्येक डबा उघडून पाहावा.

आणि नग हातात घ्यायचा तो अंगठी काढून, जमिनीवर बसून, मांडीवर कापड पसरून, एका वेळी एकच. हा नियम मी घरात इतक्यांदा बजावला आहे की नातवंडं तो माझ्या आवाजात म्हणून दाखवतात.

५. माझ्या मेहुण्याने, म्हणजे बायकोच्या भावाने, मला साठीला एक जेडचा घोडा दिला होता. तो काचेचा आहे. भिंगाखाली आत बुडबुडे दिसतात. अठरा वर्षं मी तो दर्शनी भागात ठेवला, कारण बायको जिवंत होती. आता तो त्यांना परत द्यावा, असं मी लिहिणार होतो. पण वकील म्हणाले, साक्षीदाराला काही देता येत नाही, आणि मेहुणे साक्षीदार असणं मला जास्त गरजेचं आहे. तेव्हा घोडा मुलाला.

६. मुलगी म्हणते, "बाबा, सगळं काचेच्या शोकेसमध्ये मांडू, वरून दिवे सोडू, लोकांना दिसू दे तरी." मुलगा म्हणतो, "बाबा, दगडच तो, त्याला काय होतंय?" दोघांवर माझा जीव आहे. दोघांनाही एकेचाळीसपैकी एकही नग मिळणार नाही. कलम चार पुन्हा वाचावं.

७. आता मुख्य गोष्ट. अकरा वर्षांपूर्वी एका दुपारी मेहुणे संग्रह बघायला येणार होते. त्यांच्याकडेही पाच-सहा नग आहेत आणि त्यांचा तोरा पन्नास नगांचा आहे. मला घाई झाली. नग सतरा, कागदासारखा पातळ पेला, मी हातात घेतला आणि आणखी एक नग, तिरंदाज अंगठ्यात घालतात ती जेडची जाड अंगठी, शर्टाच्या खिशात टाकली. दोन नग, एका वेळी, उभ्याने. कपाट लावायला वाकलो तशी अंगठी खिशातून घसरली आणि थेट पेल्याच्या काठावर पडली. नखाएवढा टवका उडाला आणि कुठे गेला ते दिसलं नाही.

मेहुण्यांनी पेला पाहिला. "दाजी, हे कसं झालं?"

मी म्हणालो, "घरात नवीन सून आली आहे. लागला असेल हात."

सून चहा घेऊन दारातच उभी होती. तिने तो चहा आमच्यापुढे ठेवला आणि गेली. पुढच्याच आठवड्यात मी कपाटाला कुलूप लावलं आणि तिने त्याला हात लावायचा नाही, असा नियम केला. खोटं टिकवायला नियम लागतो. ती अकरा वर्षं त्या खोलीचा केर काढते आहे, कपाट सोडून. मी औषधाच्या गोळ्या खातो त्या तिच्या हातून. या प्रकाराची मला लाज वाटते, आणि ती मी इथे लिहून ठेवत आहे.

दर सहा महिन्यांनी मी सगळे डबे उघडत आलो, सतरा नंबर सोडून. तो मला बघवत नसे. गेल्या महिन्यात या कागदासाठी मोजदाद करताना उघडावाच लागला. पेल्याशेजारी, वेगळ्या कापडात, नीट गुंडाळलेला तो टवका. सोबत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी: "नग १७ चा तुकडा. कपाटाखाली केरात सापडला." खाली अकरा वर्षांपूर्वीची, त्या दुपारच्या दुसऱ्याच दिवशीची तारीख. अक्षर सुनेचं.

मी तिला हाक मारली. "सूनबाई, हे तू ठेवलंस?"

"हो, बाबा."

"मग बोलली का नाहीस इतकी वर्षं?"

"तुम्ही डबा उघडाल असं वाटलं होतं. सहा महिन्यांनी सगळेच उघडता ना तुम्ही."

८. सबब एकेचाळीसही नग, डबे, कपाट आणि भिंग मी सुनेला देत आहे. ही माफी नाही, माफी मी तिच्याकडे तोंडाने मागितली आहे आणि ती काय म्हणाली ते आमच्या दोघांत राहील. या घरात हा संग्रह सांभाळायची लायकी तिच्या एकटीची आहे, माझी नव्हती, म्हणून देत आहे. पेला चिकटवू नये. कलम सात मी आज साक्षीदारांसमोर, मुलाला आणि मुलीला बसवून, मोठ्याने वाचणार आहे. मेल्यावर वाचून घ्यायला मी काही भित्रा नाही.

वर लिहिलेलं माझं आहे, अक्षर माझं आहे आणि चूकही माझी आहे, हे जाणून सही करत आहे.

ठिकाण: मागची खोली, कपाटासमोर. तारीख: महिन्याची नववी, दुपारी चार.

सही: कवळीवाले

साक्षीदार एक: मेहुणा (कलम सात ऐकलं. घोड्याबद्दल माझं मत वेगळं आहे.)
साक्षीदार दोन: डॉक्टरीणबाई

ताजा कलम, त्याच दिवशी, पाच वाजता: किल्ली मेल्यावर द्यायची असं ठरलं होतं, पण सह्या झाल्या झाल्या देऊन टाकली. सुनेने आधी बोटातली अंगठी काढून बाजूला ठेवली. मग खाली बसली, मांडीवर कापड पसरलं आणि सतरा नंबरचा डबा उघडला. पेला पाहिला, कापडात परत गुंडाळून ठेवला, आणि मगच टवका हातात घेतला. हे तिला कोणी हाताला धरून शिकवलं नव्हतं. अकरा वर्षं दारातून बघत होती.