काचेवर वाळणारं पाणी

अण्णा,

आज चिखलीच्या गाळ्यात पाणी शुद्ध करायचं मशीन बसलं. पिण्यासाठी नाही, काचा धुवायला. तुम्ही असता तर हसला असतात. काचेला कधीपासून तहान लागायला लागली, म्हणाला असतात. तुमचंच काम मी करते, कंपन्यांच्या इमारतींच्या काचा. फक्त वर कुणी चढत नाही. जमिनीवर उभं राहून लांब पोकळ दांडा वर न्यायचा, टोकाला ब्रश, आतून पाणी. घासायचं, धुवायचं आणि काच तशीच वाळू द्यायची. धंदा सुरू केला तेव्हाच ठरवलं होतं की माझ्या कामावर एकही माणूस दोरीला लटकणार नाही. पण त्यासाठी पाणी असं हवं, की वाळल्यावर मागं काहीच उरायला नको. डाग उरला की कुणीतरी फडकं घेऊन वर जाणं आलंच.

"पानी काचंवर वाळू द्यायचं न्हाई. पानी जातं, खार मागं ऱ्हातो," हे तुमचं वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं ते आपल्या कुरुळीच्या स्वयंपाकघरात. भिंतीवरचा आरसा मी ओल्या फडक्यानं पुसून तसाच सोडला होता. तुम्ही शिफ्ट करून आलात, मला आरशासमोर उभं केलंत. "बग, तुज्या तोंडावर देवीचे वण आल्यात." आई भाकरी थापता थापता हसते आहे, आणि मी रागानं कोरडा कागद घेऊन खांदा दुखेपर्यंत आरसा घासते आहे. तुमचं बोलणं लागलं आणि पटलंही. तेव्हापासून डाग हेरायची माझी नजर तुमच्याहून तयार झाली. तुम्हाला त्याचं कोण कौतुक होतं!

तर मशीन निवडताना आधी मी चुकले. पाण्याचे जार विकणाऱ्या एकानं धंदा बंद केला, त्याचा प्लँट मी उचलला. माणसाला चालतं ते पाणी काचेला का चालू नये, असं वाटलं. पाणी चवीला गोड होतं. चाकणच्या एका कंपनीत आम्ही इमारतीची अख्खी बाजू धुतली, चहा पिऊन आलो तर चारही मजले पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेले. तिथला सुपरवायझर म्हणाला, "मॅडम, एक माणूस वरून सोडा ना, अर्ध्या तासात पुसून होईल." माझ्याकडचा एकजण गच्चीकडं निघालाही होता. "भाऊ, खाली या!" मी अशी ओरडले की गेटवरचा वॉचमन धावत आला. काम तिथंच थांबवलं, दुसरं पाणी घेऊन येते असा शब्द देऊन निघाले.

आपल्या गाळ्याशेजारी पंप दुरुस्त करणारे चाचा आहेत. त्यांनी प्लँट उघडला आणि कपाळाला हात लावला. "ताई, हे प्यायचं मशीन हाय. चव यावी म्हणून थोडं बोअरचं पाणी परत मिसळतं. काचेला चव कशाला पाहिजे?" त्यांनी तो वॉल्व्ह बंद केला, तरी मीटरवर थोडे क्षार दिसतच होते. एका दुकानदारानं नुसती राळेच्या दाण्यांची टाकी घ्या म्हणून सांगितलं, ते दाणे उरलेसुरले क्षार धरून ठेवतात. पण आपल्याकडचं बोअरचं पाणी इतकं जड, की एकटी राळ चार दिवसांत दमेल, असं चाचांचं म्हणणं. शेवटी दोन्ही घेतलं. आधी दाबानं गाळणारं मशीन, त्याच्यापुढं राळेची टाकी. आज चाचांनी मीटर पाण्यात बुडवून माझ्यापुढं धरला. शून्य. "आता यात फक्त पाणीच हाय," ते म्हणाले.

दुपारी चाकणला जाऊन तीच बाजू पुन्हा धुतली. वाळेपर्यंत मी खाली उभी होते, एकेक काच बघत होते. कुठंच डाग नव्हता. सगळे खूश झाले आणि मला मात्र रडू फुटलं. माणसांना वाटलं, बाईला आनंद झाला.

विसाव्या वर्षीही मी अशीच खाली उभी होते, तुमचा डबा घेऊन. तुम्ही काम संपवून खाली आला होतात, हातही धुतले होतेत. वरच्या मजल्यावरच्या काचेकडं बोट करून मीच म्हणाले, "अण्णा, तिथं डाग राहिला." तुम्ही मान वर करून बघितलंत. "व्हय की! नजर बरी हाय पोरीची." एका डागासाठी कशाला, म्हणून कमरेची दुसरी, आधाराची दोरी न बांधताच तुम्ही पुन्हा गच्चीवरून उतरलात. लोक आजही म्हणतात, माणूस भारी हट्टी, एका ठिपक्यापायी जीव घालवला. आईसुद्धा शेवटपर्यंत तेच म्हणत गेली. तिच्यासमोर मी कधी तोंड उघडलं नाही.

हे पत्र कुठं पाठवायचं नाहीच, तेव्हा लिहून टाकते. काही दिवसांनी तुमचं सामान आणायला मी त्या कंपनीत गेले होते. तेव्हा जिन्यानं त्या मजल्यावर गेले, त्या काचेपाशी उभी राहिले आणि ओढणीच्या टोकानं तो डाग पुसला. लगेच गेला. तो आतून होता, अण्णा.