गप बसणारं मशीन

१० फेब्रुवारी, मंगळवार
नात श्रेयाची शुक्रवारी परीक्षा. घरबसल्या, लॅपटॉपवर. पास झाली तर पुण्याच्या कंपनीत नोकरी. त्यासाठी निरगुडसरचा रुपेश मशीनमधी पायथॉन नावाची संगणकाची भाषा घालून गेलाय. त्या पायथॉनला कुलूपबंद बोलता येतं का, ते बघायचं म्हणं. म्हंजे हिनं धाडलेलं मधल्या कुणाला वाचता येऊ नये. मधी कोण? घरात आमी दोघीच. म्हंजे मीच. आजवर या घरात आलेलं पाकीट मी फोडून मगच पुढं दिलं. खोडदच्या दुर्बिणीच्या त्या मोठ्या छत्र्या आभाळातलं ऐकत्यात, मला घरातलं ऐकू येत न्हाई व्हय?
रुपेश तरणाताठा, त्याच्यावर नजर ठेवायची. ठरलं.

११ फेब्रुवारी, बुधवार, दुपार
श्रेया शिनोलीला आत्याकडं, हळदीला. तिथनं फोन. आजी, ओळ लिहून ठेवलीय, तू नुसतं मोठं बटण दाब. लाल अक्षरांत वरडलं तर कुलूप न्हाई. गप बसलं तर हाय.
दाबलं. गप.
गप बसणारा चांगला कधीपासनं झाला? आमचा म्हातारा असाच गप. दोन शेळ्या इकून तमाशाला गेला, तोंडातनं ब्र काढला न्हाई. हे कुणालाच सांगितलं न्हाई, इथंच लिवते.
श्रेयाला सांगितलं, लई वरडलं बाई. हे खोटं न्हाई. सावधगिरी.

त्याच दिशी, दिवेलागण
घात. श्रेया म्हणती, मग घरी परीक्षा हुणार न्हाई, तशीच पुण्याला मैत्रिणीकडं जाते. रुपेशदादा मोटरसायकलवर सोडतोय. दादा! आधी सगळ्या दादाच म्हणत्यात.
म्हणलं, थांब, आत्ताच गप बसलं. घरी ये. विचारती, आपोआप? म्हणलं, मी दटावलं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार
श्रेयाला घरी सोडायला रुपेशच आला. मोबाइलमधी बायको-पोरीचा फोटो दावला. फोटो काय, कुणीबी दावील. चहात साखर कमी घातली.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार
परीक्षा झाली. दोन तास दार लावून. कान लावला, नुस्ती टकटक. बाहेर आली ती हसतच. म्हणं, आजी, पहिल्या पगारात तुला दोन शेळ्या घेते. पण इकून तमाशाला जायचं न्हाई.
शेळ्यांचं हिला कुणी सांगितलं? शेजारच्या कुशाबाईवर संशय. पर तिलाबी मी बोलले नव्हते.
या घरात कुणीतरी चोरून वाचतंय. वही आजपासनं पेटीत, कुलपात. किल्ली कुठं ठेवली ते मी इसरते, म्हणून श्रेयाकडं दिली. भरवशाचं तेवढंच एक माणूस.